दिवे लागतात, वेळ पुढे सरकतो, पण पट्ट्या हलत नाहीत: स्वयंचलित पियानोचा बिघाड कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या एका घरी यामाहाचा डिस्कलाव्हियर ग्रँड पियानो आहे. मॉडेल फ्लॉपी ड्राइव्हच्या काळातलं, जपानमध्ये वापरलेलं आणि तिथून आलेलं. मे महिन्यापर्यंत तो आपोआप वाजत होता, मग दोन-अडीच महिने बंद राहिला. ऑगस्टमध्ये सुरू केला तेव्हा दिवे लागले, फ्लॉपी वाचली गेली, डिस्प्लेवर वेळही पुढे सरकू लागला, पण एकही पट्टी हलली नाही. हाताने वाजवला तर पियानो नेहमीसारखा वाजतो. तो ११० व्होल्टच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. वायरमन म्हणतो बोर्ड उडालाय. ट्यूनर म्हणतो ती सगळी यंत्रणा काढूनच टाका. आता काय करायचं?

आधी काहीही काढू नका आणि कुठलाही बोर्ड मागवू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतूनच बराचसा रस्ता मोकळा झाला आहे. दिवे लागतात म्हणजे मुख्य फ्यूज शाबूत आहे आणि लहान व्होल्टेजचा पुरवठा निदान काही प्रमाणात येतो आहे. फ्लॉपी वाचली जाते म्हणजे ड्राइव्ह आणि मुख्य प्रोसेसर जिवंत आहेत. वेळ सरकतो म्हणजे गाणं आतल्या आत ‘वाजतं’ आहे. आणि एकही पट्टी हलत नाही, ८८ पैकी एकही नाही, हीच सगळ्यात उपयोगाची खूण. ८८ सोलेनॉइड, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या विजेच्या कॉइल, एका पावसाळ्यात एकदम जळत नाहीत. सगळ्यांना सामाईक असं काहीतरी तुटलं आहे किंवा बंद पडलं आहे. अशा सामाईक गोष्टी मोजक्याच असतात: एखादं सेटिंग, सोलेनॉइडना लागणारा मोठ्या व्होल्टेजचा पुरवठा, त्याचा स्वतंत्र फ्यूज किंवा रिले, कंट्रोल बॉक्सकडून ड्रायव्हर बोर्डाकडे (कॉइलना प्रवाह सोडणाऱ्या बोर्डाकडे) जाणारी केबल, आणि संरक्षणासाठी यंत्रणेने स्वतःहून केलेली बंदी.

ही यंत्रणा चालते कशी ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या डोळसपणे करता येतील. कागदाच्या भोकाभोकांच्या गुंडाळीवर आणि हवेच्या ओढीवर चालणाऱ्या जुन्या पियानोंशी हिचा संबंध नाही. डिस्कलाव्हियर १९८७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला, तोच मुळी विजेवर. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक सोलेनॉइड, म्हणजे कॉइल आणि तिच्या आत सरकणारी लोखंडी दांडी. कॉइलमधून प्रवाह गेला की दांडी वर येते आणि पट्टीचं मागचं टोक उचलते. पुढचं टोक खाली जातं आणि हातोडी तारेवर आपटते. हळू वाजवायचं की जोरात, हे प्रवाह किती आणि किती वेळ द्यायचा यावर ठरतं. पेडलसाठी वेगळे, मोठे सोलेनॉइड असतात. वाजवणाऱ्याचा हात टिपण्यासाठी पट्ट्यांखाली प्रकाशावर चालणारे सेन्सर असतात. म्हणजे साखळी अशी: वीज, हुकूम, ड्रायव्हर, कॉइल, लाकूड. शोध घ्यायचा तो यातली कुठली कडी तुटली याचा.

सेटिंग: दहा मिनिटं इथे द्या

हे हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे, म्हणूनच आधी करा. कंट्रोलरवर डाव्या आणि उजव्या हाताचा भाग बंद करणारी बटणं असतात, सराव करणाऱ्याला एक हात स्वतः वाजवता यावा म्हणून. दोन्ही बंद झाले तर फ्लॉपी फिरते, वेळ सरकतो आणि पट्ट्या गप्प राहतात. अगदी तुमचंच लक्षण. घरात लहान मुलं असतील किंवा धूळ पुसताना बटणं दाबली गेली असतील, तर ही शक्यता मोठी आहे. नंतर आवाजाची पातळी बघा. अगदी खाली असेल तर काही पट्ट्या फक्त थरथरतात, काही हलतही नाहीत. पातळी मधोमध आणा.

फ्लॉपी तीच जुनी आहे की कुणी नवी फाइल टाकली आहे? इंटरनेटवरून घेतलेल्या मिडी फाइलमध्ये (हिच्यात आवाज नसतो, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात वाजवायची एवढंच असतं) पियानो कुठल्याही चॅनलवर असू शकतो, आणि हे पियानो सहसा १ आणि २ या चॅनलवरचंच पट्ट्यांनी वाजवतात. बाकी चॅनल नुसते पुढे निघून जातात. शिवाय सगळ्यात जुनी मॉडेलं यामाहाच्या स्वतःच्या ई-सिक्वेन्स प्रकारच्याच फाइली ओळखतात. त्यानंतरच्यांना साधी मिडी फाइल चालते, पण टाइप ० हवी, म्हणजे सगळं एकाच ट्रॅकमध्ये असलेली. टाइप १ ला बरेच नाकारतात. म्हणून चाचणीसाठी पियानोबरोबर आलेली, मे महिन्यात नीट वाजलेली फ्लॉपीच वापरा.

फ्लॉपी आत घालण्याआधी मात्र तिचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून काळी चकती उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चकतीवर बुरशी चढते. पांढुरके, तांदळाच्या कण्यांएवढे ठिपके दिसले तर ती डिस्क आत घालू नका. एकच बुरशीची डिस्क ड्राइव्हचं हेड खराब करते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या डिस्कही ओरबाडल्या जातात. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस न सुटणारा कपडा घ्या. ड्राइव्ह कायमची दगावली तर तिच्या जागी बसणारे यूएसबी एम्युलेटर मिळतात, पण तुमचा तो प्रश्न आत्ता नाही.

लॅपटॉपची चाचणी

माझ्या मते एवढी एक चाचणी अर्धं निदान करते आणि तिला पियानो उघडावा लागत नाही. एक यूएसबी-मिडी केबल आणि नोट्स पाठवू-दाखवू शकणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर घ्या. केबलच्या ज्या टोकावर ‘आउट’ लिहिलं आहे ते पियानोच्या ‘इन’ मध्ये घाला. काही स्वस्त केबलींवर हे उलटं छापलेलं असतं, त्यामुळे काहीच झालं नाही तर टोकं बदलून बघा.

पहिली दिशा पियानोकडून लॅपटॉपकडे. हाताने मधला सा, म्हणजे पियानोचा मधला सी दाबा. पडद्यावर नोट ६० दिसली पाहिजे. सगळ्यात खालची पट्टी २१, सगळ्यात वरची १०८. सगळ्या ८८ दिसल्या तर सेन्सर आणि प्रोसेसर ठणठणीत आहेत, त्यांच्यावर पैसा घालवू नका.

दुसरी दिशा लॅपटॉपकडून पियानोकडे. चॅनल १ वर २१ पासून १०८ पर्यंत एकेक नोट पाठवा, एक सेकंद चालू, एक सेकंद बंद, जोर ६४. पट्टी लगेच हलली नाही म्हणून पुढचं बटण दाबू नका. डिस्कलाव्हियर बाहेरून आलेला हुकूम साधारण ५०० मिलिसेकंद थांबवून मग वाजवतो, कारण हळू आणि जोरात वाजणाऱ्या पट्ट्यांना लागणारा वेळ वेगवेगळा असतो आणि तो जुळवून घ्यावा लागतो. अर्धा सेकंद थांबा. काही मॉडेलांत हा विलंब सेटिंगमधून बंद करता येतो. मग मिडीचा कंट्रोल संदेश क्रमांक ६४ पाठवून उजवं पेडल आणि ६७ ने डावं पेडल हलतं का बघा. शेवटी ‘सर्व नोट्स बंद’ म्हणजे १२३ पाठवा.

जे हलतं आणि जे हलत नाही त्याची नोंद कागदावर करा, ८८ चौकोन आखून. हा कागदच निदान आहे. पट्ट्या आणि पेडल दोन्ही मुके असतील तर सामाईक वीजपुरवठा किंवा मुख्य केबल. पेडल हलतं पण पट्ट्या नाहीत, तर पट्ट्यांच्या बाजूचा फ्यूज किंवा ड्रायव्हरकडे जाणारी केबल. लागोपाठच्या पट्ट्यांचा एक सलग पट्टा मुका, तर एक ड्रायव्हर बोर्ड किंवा त्याचा कनेक्टर. इकडे-तिकडे एखाद-दुसरी पट्टी, तर ती कॉइल, तिचा ट्रान्झिस्टर किंवा लाकूड. जोरात वाजतात पण हळू वाजवलं की गळतात, तर बहुतेक वेळा दमट लाकूड. पंधरा-वीस मिनिटं वाजून बंद पडतो आणि गार झाल्यावर पुन्हा वाजतो, तर उष्णतेपासूनचं संरक्षण: पंखा अडलेला, जाळी धुळीने भरलेली किंवा पुरवठा दुबळा झालेला.

तुमचा ट्रान्सफॉर्मर

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त संशय आहे तिच्याकडे येतो. जपानी बाजारातला पियानो १०० व्होल्टचा असतो. मागच्या पाटीवर ‘१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं सापडेल. हर्ट्झची काळजी नको, जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० चालतं, त्यामुळे तिथली यंत्रं दोन्हींवर चालतील अशीच बनतात. व्होल्टेजची काळजी मात्र कराच. बाजारात सहज मिळणारा स्टेप-डाउन २३० ला ११० देतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून दहा टक्के जास्त. रात्री उशिरा, आजूबाजूचे एसी बंद झाल्यावर भिंतीतल्या सॉकेटला २५० व्होल्ट आले की ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला जवळपास १२० व्होल्ट निघतात. १०० च्या यंत्राला वीस टक्के जास्त. कपॅसिटर लवकर सुकतात, आतला ट्रान्सफॉर्मर तापतो आणि त्याच्या गुंडाळीत पुरलेला थर्मल फ्यूज, म्हणजे उष्णतेने तुटणारा फ्यूज, एक दिवस कायमचा उघडतो. तो बाहेरून दिसत नाही, साध्या फ्यूजसारखा बदलताही येत नाही. ज्या मॉडेलांत कॉइलच्या पुरवठ्यासाठी वेगळी गुंडाळी किंवा वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे, तिथे नेमकं तुमचं लक्षण दिसतं: दिवे जिवंत, पट्ट्या मेलेल्या.

मल्टिमीटर एसी रेंजवर ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरचं व्होल्टेज मोजा. दुपारी मोजा, रात्री अकराला मोजा, पियानो चालू असताना मोजा. १०५ च्या वर दिसलं तर तो ट्रान्सफॉर्मर पियानोला लावू नका. रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडून २३० ला १०० असा, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या, प्राथमिक बाजूला २३०, २४० आणि २५० चे टॅप ठेवायला सांगा. पियानोच्या पाटीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमता हवी. बहुतेक ग्रँडना ७५० व्हीए ते १ केव्हीए पुरून उरतो. एकच गुंडाळी असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर घेऊ नका. स्वस्त आणि हलका असतो हे खरं, पण त्याच्या गुंडाळीचा सामाईक भाग तुटला तर पियानोवर थेट २३० व्होल्ट येतात.

अर्थिंगही बघा. जपानी प्लगला दोनच पाती असतात आणि जमिनीसाठी हिरवी सुटी वायर बाहेर येते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा गुंडाळून टेप लावून दिलेली सापडते. ती तीन पिनच्या प्लगच्या मोठ्या पिनला जोडा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २ ते ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी घराचं अर्थिंग दुरुस्त करा.

उघडून तपासताना

इथून पुढचं काम ज्याला सोल्डरिंग आणि मल्टिमीटर रोजचं आहे त्यानेच करावं. तुम्ही स्वतः करणार नसाल तर हे छापून दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात द्या.

प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. दहा मिनिटं थांबा. पुरवठ्यातले मोठे कपॅसिटर तरीही भरलेले असू शकतात. मल्टिमीटरने डीसी मोजा. काही उरलं असेल तर २.२ किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून दीड-दोन मिनिटं धरा आणि पुन्हा मोजा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय इथे महागात जाते, कपॅसिटरची आतली जोडणी दुखावते.

कंट्रोल आणि पॉवर बॉक्स ग्रँडच्या पोटाखाली लटकवलेले असतात. झाकण काढल्यावर आधी फक्त बघा आणि वास घ्या. आपल्याकडे पुरवठा बंद पडण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे पाल. उबेसाठी बॉक्समध्ये शिरते, दोन बिंदूंमध्ये आडवी होते आणि फ्यूज उडतो. वाळलेली पाल, झुरळांची विष्ठा, उंदराने कुरतडलेली रिबन केबल, हे नुसत्या टॉर्चने दिसतं. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, पायाशी तपकिरी ओघळ, बोर्डावर काळपट डाग, सगळ्याचे फोटो घ्या. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधीही फोटो घ्या.

फ्यूज जागेवर ठेवून मोजू नका, काढून मोजा. एक नाही, तीन-चार असू शकतात. काचेचा फ्यूज उजेडात धरून बघा. तार मधे हळूच तुटलेली असेल तर वय किंवा किंचित जास्त भार. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर पुढे नक्की शॉर्ट आहे आणि नवा फ्यूज घालण्यात अर्थ नाही. बदलताना अँपिअर आणि जात दोन्ही तीच ठेवा. टोपीवर ‘टी’ असेल तर सावकाश उडणारा. मोठ्या अँपिअरचा किंवा तांब्याच्या तारेचा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी कॉइल जळेल.

पुन्हा वीज देताना सिरीज बल्ब वापरा. आपल्या जुन्या रेडिओवाल्यांची ही पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडते. ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला, फेजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब जोडा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटलेलाच राहिला तर पुढे शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

बल्ब मंद राहिला तर तो काढून थेट पुरवठ्यावर मोजा. लॉजिकचा ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये हवा. त्याच बिंदूवर मीटर एसीवर फिरवलं तर काही दहा मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसलं तर फिल्टर कपॅसिटर थकला आहे. मग कॉइलचा मोठा पुरवठा. त्याचा आकडा सहसा बोर्डावर कनेक्टरशेजारी छापलेला असतो, तोच प्रमाण माना. तो शून्य असेल तर फ्यूज, रिले किंवा थर्मल फ्यूज. आहे पण नोट वाजवताच कोसळतो, तर कपॅसिटर. बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, तापमान १०५ अंशांचं, स्विचिंग पुरवठ्यात कमी ईएसआरचेच (आतला रोध कमी असलेले). हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो. खरेदी करताना उंची आणि पायांमधलं अंतर लिहून न्या, झाकण बसत नाही म्हणून परत यावं लागतं.

पुरवठा ठीक निघाला आणि तरीही पट्ट्या गप्प, तर कंट्रोल बॉक्स ते ड्रायव्हर बोर्ड ही केबल. दोन पावसाळे सरले की कनेक्टरच्या पिना काळवंडतात. काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तीन-चार वेळा घाला-काढा, वाळू द्या. तुमच्यासारख्या दोन-अडीच महिने बंद राहिलेल्या यंत्राला एवढ्यानेही जाग येऊ शकते. म्हणून कपॅसिटरना हात लावण्याआधी हे करा.

संरक्षणाची गोष्ट राहिली. एखादा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की त्याची कॉइल सतत ओढलेली राहते. काही यंत्रणा ते ओळखून सगळ्या कॉइलचा पुरवठाच तोडतात. मग ८८ च्या ८८ मुक्या दिसतात आणि दोष एकाचाच असतो. पियानो सुरू केल्याक्षणी एखादी पट्टी एकदा खाली जाऊन परत येते का, नीट बघा. आणि कुठलीही पट्टी स्वतःहून खाली जाऊन तिथेच राहिली तर विचार न करता प्लग काढा. कॉइल मिनिटाभरात तापून एनॅमल जळल्याचा वास येतो आणि शेजारचं लाकूड व फेल्टही धोक्यात येतं.

संशयित कॉइल मोजायची तर तिचा कनेक्टर आधी काढा. कॉइलला समांतर डायोड असतो. जोडलेल्या अवस्थेत डायोड तपासला तर मीटर कॉइलचाच रोध दाखवतं आणि चांगला डायोड शॉर्ट वाटतो. कॉइल सुटी करून ओहममध्ये मोजा आणि आजूबाजूच्या दहांशी ताडून बघा. सगळ्या जवळपास सारख्या हव्यात. एकच दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत, आणि नवा ट्रान्झिस्टर घातला तरी ती कॉइल तोही मारणार. म्हणून क्रम असा: आधी कॉइल, मग डायोड (एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट, उलट्या दिशेने काही नाही), मग ट्रान्झिस्टर. कनेक्टर पोचत असतील तर शेजारच्या दोन कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागेवर राहिला तर बोर्ड.

लाकूड आणि दमट हवा

तुमच्या पट्ट्या हाताने नीट चालतात, त्यामुळे हे मुख्य कारण नाही. पण वीज परत आली की दहा-बारा पट्ट्या अशक्त निघतील अशी तयारी ठेवा. जुलै-ऑगस्टात वडोदऱ्याची हवा पट्ट्यांच्या भोकांतलं फेल्ट फुगवते. माणसाचं बोट नकळत थोडं जास्त बळ लावतं आणि वाजवणाऱ्याला काही जाणवत नाही. सोलेनॉइड मात्र ठरलेलंच बळ लावतो. पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम लागतात आणि वर येताना निदान २० ग्रॅम उचलता आले पाहिजेत. पाच-पाच ग्रॅमची वजनं पट्टीच्या पुढच्या टोकावर ठेवून, उजवं पेडल दाबून मोजा. ६५-७० लागत असतील तर ती पट्टी हळू सुरात गळणारच. उपाय ट्यूनरकडे आहे: बुशिंग, म्हणजे भोकांतलं हे फेल्ट, दाबायची पक्कड. सोलेनॉइडच्या दांडीवर तेल किंवा गंज काढायचा स्प्रे कधीही मारू नका. चार दिवस ती सहज सरकते, मग धूळ धरून चिखल होतो आणि फेल्टही तेलकट होतं. दांडी कोरड्या कपड्याने पुसा, फार तर कोरडी टेफ्लॉन पावडर.

पट्ट्यांचा सांगाडा बाहेर ओढायची वेळ आली तर दोन गोष्टी सक्तीच्या. सेन्सरच्या केबली आधी सोडवा, नाहीतर ओढताना कनेक्टर बोर्डासकट निघतो. आणि ओढताना एकाही पट्टीला बोट लागता कामा नये. एक पट्टी दबली की हातोडी वर उठते आणि पुढच्या फळीवर आदळून दांडा तुटतो.

पियानो तळमजल्यावर असेल आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी घरात आलं असेल, तर वेगळी सूचना. पेडलचे सोलेनॉइड जमिनीच्या सगळ्यात जवळ असतात, त्यांना पाणी आधी लागतं. वरून कोरडा दिसला तरी तिथे गाळाचा थर बसलेला असतो आणि दमट हवेत तो वीज वाहतो. बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन, निदान दोन दिवस पंख्याखाली वाळवल्याशिवाय वीज देऊ नका.

नंतर बसवलेल्या यंत्रणा

हे वाचणाऱ्यांपैकी काहींकडे पियानोडिस्क किंवा क्यूआरएसची पियानोमेशन असेल. तिथे साखळी तीच, पण हुकूम येण्याचा रस्ता निराळा असू शकतो. ज्या प्रकारांत गाण्याच्या ऑडिओतल्या एका चॅनलवर पट्ट्यांची माहिती दडवलेली असते, तिथे फोनमधलं ‘मोनो ऑडिओ’ किंवा इक्वलायझर चालू असला, डावा-उजवा तोल सरकला असला किंवा फाइल एमपी३ मध्ये बदललेली असली तर पियानो गप्प बसतो. यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. मूळ सीडी किंवा मूळ फाइल तारेने जोडून वाजवून बघा.

आता ट्यूनरच्या सल्ल्याबद्दल. यंत्रणा काढल्याने पियानो हाताला हलका होणार नाही. विसाव्याच्या अवस्थेत सोलेनॉइडची दांडी पट्टीवर भार टाकत नाही. उलट पट्ट्यांखालच्या फळीत सोलेनॉइडसाठी कापलेली लांब खाच उघडी पडते आणि पेडलच्या जोडण्या नव्याने जुळवाव्या लागतात. शिवाय ज्याला हा पियानो नंतर घ्यायचा असेल तो त्या यंत्रणेसाठीच घेईल. सगळं तपासूनही भाग मिळाला नाही, तरी प्लग काढून ठेवा आणि हाताने वाजवत राहा, त्याला काहीही अपाय नाही.

क्रम पुन्हा सांगायचा तर तुमच्यासाठी असा: दोन्ही हातांची बटणं आणि आवाजाची पातळी, मग ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज, मग लॅपटॉपची चाचणी पेडलसकट, मग प्लग काढून केबली साफ करणं, मग फ्यूज, मग कॉइलचा पुरवठा. ट्रान्सफॉर्मर १०५ च्या वर देत असेल तर त्याच्यापुढचं काहीही नवा ट्रान्सफॉर्मर आल्यावरच करा. चालू झाल्यावर पहिल्या दिवशी दहा मिनिटं मध्यम जोरात वाजवा, बंद करा, आणि खालचं झाकण काढता येत असेल तर कॉइलच्या रांगेजवळ हात नेऊन बघा. सगळ्या सारख्या कोमट हव्यात. एखादी बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिच्यावर खडूने खूण करा आणि तिचा ट्रान्झिस्टर बदलेपर्यंत तिचा कनेक्टर काढून ठेवा. बाकीच्या ८७ पट्ट्यांवर पियानो तोवर वाजवता येईल.